चुलीतली काठी

एकदा एका राज्याने जुने कायदे बाजूला ठेवून नवी राज्यघटना लिहायला घेतली. घटनासभेत पंडित होते, व्यापारी होते, सरदार होते. डोंगरातल्या आदिवासींना बोलावणे आले ते मसुद्यावर मोहोर उमटण्याच्या आदल्या दिवसाचे, आणि तेही जेवणाचे!

चार दिवस काठी टेकत चालून एक वृद्ध आपल्या शिष्यासह राजधानीत पोहोचला. सभापतींनी त्याला मानाच्या पाटावर बसवले आणि प्रेमाने सांगितले, "तुमच्या जंगलांसाठी आम्ही स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. सभेत बसण्याचा त्रास तुम्हाला नको."

शिष्याचा चेहरा उतरला. "बाबा, सभेत आपलं माणूसच नसेल, तर उद्या हे प्रकरण खोडलं तरी आपल्याला कळायचं नाही," तो पुटपुटला.

वृद्धाने आमटीचा एक भुरका घेतला आणि तो ताटावरून उठला. थेट मुदपाकखान्यात जाऊन त्याने हातातली काठी मोडली, चुलीत सारली, आणि परत येऊन सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाला, "आमटीत मीठ कमी आहे."

पंगतीतल्या माना त्याच्याकडे वळल्या. शिष्य तर शरमेने अर्धा झाला. "बाबा, पाहुण्यानं असं बोलू नये!"

"म्हणून तर आधी काठी घातली," वृद्ध शांतपणे म्हणाला. "पाड्यावर पंगत असली की प्रत्येक घरचं एक लाकूड चुलीत जातं. ज्याचं लाकूड जळलं, त्याला मीठ कमी आहे म्हणता येतं. पाहुण्यानं मात्र वाढलेलं मुकाट खायचं." मग तो सभापतींकडे वळला. "मसुदा तुम्ही मन लावून लिहिलात, खोटं कशाला बोलू? पण ज्या मुलखात आमच्या कित्येक पिढ्या गेल्या, तिथं तुम्ही आम्हाला पाहुणे केलंत. उद्या वाढणारा बदलला, तर आम्ही कोणत्या तोंडानं बोलायचं? ताटात जास्तीचं काही नको. चुलीपाशी जागा द्या."

सभापतींनी आमटी चाखली. ती खरोखरच अळणी होती. शंभर माणसे जेवत होती आणि सभापतींना कोणीही ते सांगितले नव्हते.

मोहोर लांबणीवर पडली. दुसऱ्या दिवशी काठीवाचून, शिष्याच्या खांद्यावर हात टेकत वृद्ध सभागृहात आला आणि सदस्यांच्या रांगेत बसला. मसुद्याचे वाचन पुन्हा सुरू झाले. जंगलाचे प्रकरण संपले, तेव्हा सभापतींनी मान वर करून विचारले, "मीठ?"

"कमी आहे," वृद्ध म्हणाला.

सभापतींनी लेखणी शिष्यापुढे सरकवली.