मडक्यातला कौल

करंजवाडीचे भुजंगराव देशमुख चावडीत गरजले, "या कमाल विणकराचा देव निराळा, प्रार्थना निराळी. उद्या त्याला गावाबाहेर काढायचा. कबूल असेल त्यानं हात वर करा!"

शेजाऱ्याकडं चोरून बघत एकेकानं हात वर केला. गोजरा कुंभारणीनंही केला. समोर कमाल मान खाली घालून उभा होता. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"बघा, सारं गाव माझ्या बाजूनं आहे!" देशमुख म्हणाले.

गोजरा पुढं झाली. "सरकार, हात खाली आला की पुरावा उरत नाही. मी मडकं आणते. काढायचा तर उडीद, ठेवायचा तर ज्वारी. प्रत्येकानं एकेक दाणा मुठीत झाकून टाकावा. तो कौल देवळात जपून ठेवू."

देशमुख खूश झाले. सगळ्यांचे दाणे पडले. मडकं उपडं केलं, तर ज्वारीच ज्वारी! उडीद जेमतेम तीन.

देशमुखांनी चाबूक उचलला. "कोण हे फितूर? नावं सांग, गोजरे!"

गोजरा हात जोडून म्हणाली, "फितूर कुठले, सरकार? सारं गाव तुमच्या बाजूनं आहे, असं तुम्हीच म्हणालात. मग ही ज्वारी तुमच्याच माणसांची."

उचललेला चाबूक हळूहळू खाली आला. शेवटी "राहू दे त्याला," एवढंच बोलून देशमुख निघून गेले.

गोजरा कमालजवळ गेली. "भाऊ, मघाशी माझाही हात वर होता."

"बघितला, अक्का," तो म्हणाला. "नसता, तर सरकारांनी तुमचं ऐकलं असतं का?"