तांबटाचा उंबरा

लिंबाजी तांबट दिवसभर हंडे-घागरी ठोकायचा आणि दिवस कलला की होडी घेऊन नदीत जायचा. पूर्वी समोर त्याची बायको भागू बसायची. गेल्या श्रावणात घाटावर धुणं धुताना तिला पुराने ओढून नेलं. तेव्हापासून तो एकटाच घाटाखालच्या डोहापर्यंत वल्हवत जाई आणि अंधार पडेपर्यंत बसून राही.

एका तांबटाने रोज होडीतून हिंडावं, हे गावच्या इनामदारांना खुपलं. त्यांनी होडी जप्त केली आणि ते चावडीवर सगळ्यांदेखत गरजले, "या काठापासून त्या काठापर्यंत नदी माझी आहे! माझ्या पाण्यात तुझी होडी कशाला?"

लिंबाजीने हात जोडले. "सरकार, मागे शेलारांच्या बैलाने गुराख्याचा जीव घेतला, तेव्हा आपणच निवाडा दिलात, की मालकाने अनवाणी जाऊन मयताच्या उंबऱ्यावर डोकं टेकावं. शेलारांनी टेकलं. माझ्या भागूला नदीने नेलं. नदी आपली, तर माझा उंबरा कधीचा आपली वाट बघतोय."

इनामदारांनी पायातल्या जरीच्या जोड्यांकडे पाहिलं आणि घसा खाकरला. "नदी कुणाची नसते. घेऊन जा तुझी होडी."

लोकांनी लिंबाजीची पाठ थोपटली. संध्याकाळी तो डोहावर गेला. नदीचा कुणी मालक भेटलाच, तर त्याला काय विचारायचं, हे तो इथे बसून रोज मनाशी ठरवत असे. आज त्याने स्वतःच भर चावडीत सिद्ध केलं होतं, की ज्याला विचारावं असं कुणीच नाही.