घासलेली पिन

“त्या मशीनची पिन एवढी चकचकीत कशी?”

उस्ताद दुरुस्तीच्या दुकानात पाऊल टाकता टाकताच विचारत होते. मी दचकले. हातातला पेचकस खाली पडला.

“कुठल्या मशीनची?”

“जंगमबाईंच्या. वाटेत टेम्पो भेटला. वायर लोंबत होती मागे.”

“मी घासली. काळी पडली होती म्हणून.”

उस्ताद कचऱ्याच्या डब्याकडे बघू लागले.

मला संताप आला. जंगमकाकूंच्या दारातल्या नारळावर वीज पडली, तेव्हा त्यांचं वॉशिंग मशीन आतून जळालं होतं. उस्ताद म्हणाले होते, भंगारात द्या. मी हट्टाने ठेवून घेतलं. काकूंचे यजमान अंथरुणाला खिळलेले; रोजच्या चादरी त्या हाताने धुतात. आठ दिवस मान मोडून मी सर्किटचं कार्ड बदललं, आतल्या वायरी बदलल्या. सकाळी मशीन फिरलं, टेम्पोने काकूंकडे निघालंही. आणि या माणसाला दिसलं काय, तर पिन!

“चांगलं केलंस, एवढं म्हणायला काय जातं तुमचं?”

“तिन्हीतली कुठली काळी होती?”

“जाडी.”

“म्हणजे?”

“अर्थिंगची! कळतं मला तेवढं. डिप्लोमा केलाय मी. तुमच्यासारखी नुसती बघून बघून नाही शिकले.”

बोलले आणि जीभ चावली.

उस्ताद हसले. “खरंय. मी चौथी नापास. मग तूच शिकव. त्या पिनेतून वीज गेली कुठं?”

“जमिनीत.”

“कशातून?”

“काकूंच्या घरातल्या अर्थिंगच्या वायरी...”

म्हणजे त्याही जळाल्या असणार; आता मशीनमध्ये करंट उतरला तर तो काकूंच्या अंगातून जाणार.

“पण इथे चाललं ना! ओला हात लावून पाहिला मी. काही झालं नाही.”

“इथलं अर्थिंग माझं आहे, पोरी. दर उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात मी मीठ-पाणी ओततो.”

“मला मशीन दिलं होतं,” मी ओरडलेच. “घर नव्हतं दिलं! घर बघायचं, हे कुणी सांगितलं होतं मला?”

उस्ताद वाकले. कचऱ्याच्या डब्यातून माझा पॉलिश पेपरचा तुकडा काढला. माझा तळहात उघडला आणि त्यावरून तो एकदा ओढला.

काजळासारखी रेघ उमटली.

“यानं,” ते म्हणाले.

मी फोन लावला. रिंग वाजत राहिली... कुणी उचलेना.

पुन्हा लावला.

काकूंनी सकाळीच सांगितलं होतं, टेम्पो दारात आला की आधी चादरी घालणार. मोरी ओली. पाय अनवाणी.

तिसऱ्यांदा. चौथ्यांदा.

“उचला ना हो, काकू!” मला रडू फुटलं. रागही येत होता; त्यांचा, उस्तादांचा, कुणाकुणाचा.

पाचव्यांदा रिंग थांबली.

“कोण गं? जरा थांब, हात ओलेत. पाणी सोडलंय मशीनमध्ये, आता बटण दाबतच होते...”

“काकू, थांबा! हात लावू नका!”

“अगं बाई! का गं? काय झालं?”

काय सांगायचं? मी फोन उस्तादांपुढे धरला.

त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

“तूच सांग. काळी पिन तू पाहिलीस,” उस्ताद म्हणाले. “मी चकचकीत पाहिली.”