खाडीपलीकडची वेणू

खाडीकाठच्या एका गावात धाकू नावाचा एक लोहार होता. लालबुंद लोखंडाला भ्यायचा नाही, पण होडी दिसली की गडी लटपटायचा.

त्याची धाकटी बहीण वेणू पलीकडच्या काठावर दिलेली. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिचा नवरा अंथरुणाला खिळला. तिला माहेरी यायला जमेना. अलीकडून धाकूला तिच्या अंगणात वाळत घातलेलं लुगडं दिसायचं. तोंड काही दिसायचं नाही. हातातला घण खाली ठेवून तो तिकडंच बघत बसायचा. भट्टी विझून जायची, तरी याचं लक्ष नाही.

बायको म्हणायची, "अहो, जाऊन या ना एकदा!"

भरती असली की धाकू म्हणायचा, "पाणी फार आहे. ओहोटीला जातो." ओहोटी लागली की म्हणायचा, "होडी चिखलात रुतेल. भरतीला जातो." असं करता करता तीस वर्षं गेली.

एकदा चार दिवस अंगणात लुगडंच दिसलं नाही. तो तडक होडीत जाऊन बसला आणि डोळे गच्च मिटले.

मधोमध होडी डुलली. धाकू किंचाळला, "वळव रे बाबल्या! मला परत ने!"

होडीत शेजारी बसलेली बाई म्हणाली, "ओ लोहारदादा, टोपलीतली माझी कोंबडीसुद्धा गप बसलीय!"

होडीवाला बाबल्या हसला. "वळवतो की. पण मागं जायला जेवढं पाणी, तेवढंच पुढं जायला. बोला, कुणीकडं नेऊ?"

धाकूचे दात वाजत होते. "पुढं," तो कसाबसा म्हणाला.

पलीकडं धक्क्यावर पांढऱ्या केसांची एक बाई उभी होती. धाकूनं विचारलं, "आजी, वेणूचं घर कुठलं हो?"

बाई त्याच्याकडं बघतच राहिली. "आजी कुणाला म्हणतोस रे, दादा?"

धाकूनं वाकून तिचं तोंड नीट न्याहाळलं.

"चार दिवस लुगडी मागच्या दारी वाळत घातली," वेणू डोळे पुसत हसली. "बाबल्या सांगायचा, तू माझं लुगडं बघत बसतोस. म्हटलं, काळजीनं तरी येशील."

धाकूनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "सासरी निघालीस तेव्हा केस काळेभोर होते गं," तो म्हणाला, आणि तिथंच धक्क्यावर बसून लहान पोरासारखा रडला.

तात्पर्य: भीती जायची वाट बघू नका, भीत भीतच जा; तिकडं आपलं माणूस वाट बघून म्हातारं होत असतं.