दुसरी काठी

आपल्या होडीत काठ्या दोन आहेत, हे तुम्ही पाहिलेच. एक माझ्या हातात, चिखलात रोवून होडी रेटायला. दुसरी ही कोरडी, कडेला बांधलेली. तिच्यावर मघाशी तुम्ही टॉवेल वाळत घातलात, तो मी काढून ठेवला. रागावू नका. या खाडीतल्या प्रत्येक होडीत अशी एक काठी असते. तिला कुठल्याच कामाला लावत नाहीत.

फार जुनी गोष्ट सांगतात. घाटावरचे एक इनामदार बायकामुलांना घेऊन खाडी पाहायला आले. आठ दिवसांची सहल. होडी पुनाजी तांडेलाची, आणि रांधायला त्याची बायको सोनाय. पहिले पाच दिवस मजेत गेले. इनामदार म्हणे माशाच्या वासाला नावे ठेवत आणि चार तुकड्या जास्तच वाढून घेत.

सहाव्या दिवशी, या समोरच्या कांदळवनात, पुनाजीला ताप भरला. त्याची शुद्ध गेली. इथे पाण्याच्या वाटा बोळासारख्या. एकीतून दुसरी फुटते, आणि झाडे सगळीकडे सारखीच. वाट एकट्या पुनाजीला ठाऊक. मग इनामदारांनी काठी घेतली. फिरून तीच वाट लागू नये म्हणून ओहोटीला उतरून त्यांनी वळणावळणावर धोतराच्या चिंध्या बांधल्या. घाटावरचा माणूस, भरती किती चढते ते त्यांना काय माहीत. भरती आली आणि सगळ्या चिंध्या पाण्याखाली गेल्या. दोन दिवस होडी फिरून फिरून त्याच जागी आली. पिण्याचे पाणी संपले. धाकट्या मुलीने रडणेही थांबवले.

सोनायला खाडी माहीत होती, पण पायांनी. ओहोटीच्या चिखलात तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचणारी बाई ती. चिखल उघडा पडला तेव्हा तिने शोधून काढले, की होडीपुढची वाट सरळ शेवटच्या फाट्यावर जाते आणि तिथून उजवीकडे समुद्र आहे. पण फाट्यावर एकही झाड नाही. भरतीत तिथे नुसते पाणी पसरते, म्हणून रोज फाटा चुकत होता. आणि पाणी उतरून चिखल उघडा पडला की होडी हलत नव्हती.

खूण म्हणून काठी रोवावी, तर होडी कशाने रेटायची? काठी एकच, आणि कांदळाच्या फांद्या वाकड्या, आखूड, भरतीत बुडणाऱ्या.

सोनायने नवऱ्याच्या कपाळावरून हात फिरवला. मग इनामदारांना म्हणाली, "मी फुडे जाऊन उभी रवतंय. ओहोटी लागली की सुटा. माका बघून उजवीकडे वळा. थांबू नकात, दादानु. होडी आडवी झाली तर पोरां हयच रवतली."

ती गेली आणि उभी राहिली. पाणी गुडघ्याला आले, कमरेला आले, गळ्याला आले. भरती पुरी झाली तेव्हा वर फक्त तोंड आणि एक हात होता, असे सांगतात. ओहोटी लागली, होडी सुटली. हात दिसला. इनामदारांनी सगळे बळ लावून काठी रोवली आणि होडी उजवीकडे वळली. तेवढ्यात पाण्याच्या ओढीने सोनायचे पाय सुटले. तिने हात होडीकडे केला. अंतर एका काठीचे होते. पण काठी चिखलात होती. ती उपसली असती तर होडी आडवी झाली असती.

मुले जगली. पुनाजीही जगला. बरा झाल्यावर कित्येक ओहोट्या तो फाट्यावरचा चिखल पाहत हिंडला. मग त्याने दुसरी काठी तोडून आणली. फाटा आला की तो ती पाण्यावर धरायचा. लोक म्हणायचे, पुनाजी, आता तिचा काय उपयोग? तो म्हणायचा, "तेव्हा नाय होती."

आजही फाट्यावर कोणी होडी थांबवत नाही, कारण थांबू नका असे ती सांगून गेली. पण होडीतले कोणीतरी ही काठी सोडवते आणि तिचे टोक पाण्याकडे धरते, फाटा मागे पडेपर्यंत.

ती बघा, पुढे झाडे संपली. माझे दोन्ही हात आता गुंतणार. ताई, तुम्ही गाठ सोडा आणि काठी धरा. जरा हात लांब करा. घट्ट धरा.