सलोमीबाईंची डावी वहाण

शुद्धलेखन चुकलं असेल, शब्दही साधेच आहेत. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

पूर्वी वहाणाही बोलायच्या. तेव्हा बायबलबाया, म्हणजे बायबल वाचून दाखवत फिरणाऱ्या बाया, वस्तीवस्तीला पायीच जायच्या, आणि सलोमीबाई दिसल्या की घराघरात चहाचं आधण चढायचं. त्यांची डावी वहाण मात्र कुरकुरायची. "देवाचं ऐकावं, पण जरा दमानं," ती म्हणायची.

उजवी हसायची. "तुझं दमानं म्हणजे उद्या, बाई."

एकदा भर दुपारी सलोमीबाई प्रार्थनेतून उठल्या. "देव पल्याडच्या वस्तीवरल्या सगुणाकडे जा म्हणतोय. तिचं लेकरू तापानं फणफणलंय."

"ऊन तर उतरू दे, अक्का," धाकटी बहीण राहेल म्हणाली.

"ऊन उतरल्यावर जा, असं नाही सांगितलं त्यानं."

डाव्या वहाणेनं उंबऱ्यातच मुद्दाम आपला अंगठा तोडून घेतला. आता तरी या थांबतील, असं तिला वाटलं. सलोमीबाईंनी दोन्ही वहाणा भिंतीशी ठेवल्या आणि त्या अनवाणीच निघाल्या.

दुपारभर डावी वाटेकडे बघत राहिली. दिवस मावळताना सलोमीबाई परतल्या, तेव्हा त्यांच्या तळपायांना फोड आले होते.

"बरं झालं लगेच गेले," त्या राहेलला म्हणाल्या. "सगुणा एकटीच रडत बसली होती. ओल्या फडक्यांनी ताप उतरला, लेकरू पेज प्यायलं."

मग दाभण घेऊन त्यांनी तुटका अंगठा शिवला. वहाणेला त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सलोमीबाई प्रार्थना करून उठल्या, तेव्हा डावी वहाण दाराकडे तोंड करून उंबऱ्याशी उभी होती. उजवी अजून भिंतीशी झोपलेलीच होती.