गोजरेचा अर्धा दिवस

माघ वद्य पंचमीला हिरडवाडीला या, पण दुपारपर्यंत गप्प राहायची तयारी ठेवून या. तळ्याच्या काठी ढोल गोधड्यांखाली झाकून ठेवलेले दिसतील. दुकानं मांडलेली असतात, पाळणा उभा असतो, पण फिरत नाही. बाहेरगावची माणसं येतात आणि विचारतात, जत्रा आहे की मयत? दोन्ही आहे. सूर्य डोक्यावर येईपर्यंत मयत, मग जत्रा. या तळ्याला गोजरेचं तळं म्हणतात. गोजरा कोणी देवी नव्हती. सात वर्षांची पोर होती.

फार मागची गोष्ट. तेव्हा तळं नव्हतं, इथं नुसता खडकाळ उतार होता. गावात ठकू नावाची सुईण होती. नवरा लवकर गेलेला, पदरी एकच मुलगी, गोजरा. आसपासच्या पाच वाड्यांत जन्मलेलं प्रत्येक मूल ठकूच्या हातात पडलेलं होतं, असं सांगतात. मूल आडवं असलं तरी ती पोटावरून हात फिरवून सरळ करायची.

त्या साली माघात गोजरेला ताप आला. तीन दिवस उतरला नाही आणि वद्य पंचमीला उजाडता उजाडता पोर गेली. ठकूनं हंबरडा फोडला नाही म्हणे. तिनं चूल पेटवली आणि शेवटच्या आंघोळीचं पाणी ठेवलं. पोरीला थंड पाणी सोसायचं नाही. मेल्यावरही तिला गारठ्यात थंड पाणी घालायचं आईच्या जिवावर आलं.

पाणी तापायच्या आत पाटलाच्या वाड्यावरची बाई दारात आली. पाटलाची सून अंबू दोन दिवस अडली होती. मूल आडवं आलं होतं. दारातली बाई आतलं बघून तशीच परत गेली. आता सुतकातल्या बाईनं बाळंतिणीला शिवायचं नाही, असा रिवाज. दुसऱ्या कोणाच्या घरची बाळंतीण असती तर रिवाजापायी मेली असती. पण ही पाटलाची सून. पाटलीणबाईनं, म्हणजे अंबूच्या सासूनं, उलट निरोप धाडला की विहिरीवर डोक्यावरून पाणी घे, नवं लुगडं पाठवलंय ते नेस आणि ये. मोठ्यांची गरज पडली की सुतक असं एका घागरीत धुऊन निघतं.

ठकूनं जायचं नाकारलं असतं तर तिला कोणी बोल लावला नसता. पण ती उठली. तिचा दीर भिवा अंगणात बसला होता. त्याला ती म्हणाली, "भावजी, मी येईपर्यंत पोरीला हलवू नका. आंघोळ मी घालणार." भिवानं मान डोलावली. ठकूनं चुलीत दोन लाकडं जास्त सारली आणि गेली.

सगळी सकाळ ती अंबूच्या उशा-पायथ्याशी होती. स्वतःची लेक मेलेली घरात, आणि हात दुसरीच्या पोटावर. अंबूनं विचारलं म्हणे, "ठकूमावशी, गोजरा बरी आहे का गं?" ठकू म्हणाली, "निजलीय. तू कळ दे." दिवस डोक्यावर आला तेव्हा मूल फिरलं, बाहेर आलं, रडलं. मुलगा होता. पाटलाच्या घरी तीन पिढ्या दत्तक चाललेलं. ढोल वाजायला लागले.

ते ढोल ठकूच्या आळीतही ऐकू गेले. पाटलीणबाईला तेवढ्यात आठवलं की गावात एक प्रेत पडून आहे. वारसाचा ढोल वाजत असताना मयत घरात नको, ताबडतोब उचला, म्हणून तिनं गडी पाठवले. आळीतल्या शहाण्यांनी त्यावर आपली भर घातली. ठकूचे हात आता बाळंतिणीला लागले, त्या हातांनी तिला प्रेताला शिवता येणार नाही, मग वाट कशाला बघायची? सकाळी सुतकाचे हात बाळंतिणीला चालले होते. दुपारी बाळंतिणीचे हात प्रेताला चालेनात. हे बोलणारे सगळे पुरुष होते, आणि त्यांतल्या एकूण एकाची पोरं ठकूच्याच हातावर जन्मलेली.

भिवानं दोनदा नको म्हटलं असं सांगतात. तिसऱ्यांदा म्हटलं नाही. पोरीला न आंघोळ घालता उचलली आणि ओढ्यापलीकडे माती दिली.

ठकू बाळंतिणीचं सगळं आवरून, ओटीत खण-नारळ घेऊन घाईघाईनं आली. घरात रिकामी घोंगडी. चुलीवर पाणी चांगलं कढत झालेलं. भिवानं वर बघितलं नाही. ती त्या पाण्याशेजारी बसली आणि पाणी गार होईपर्यंत बसून राहिली.

पुढं दर साली माघ वद्य पंचमीला पाटलाच्या घरी ढोल. मुलाचं नाव रायाजी ठेवलं होतं. त्याचा वाढदिवस म्हणजे गावाचा सण. गूळ वाटायचे, ठकूच्या दारात पहिला वाटा यायचा. ती तो उंबऱ्यावरच ठेवायची, मुंग्या न्यायच्या. वर्षभर ती रात्र म्हणायची नाही की दिवस, बाळंतपणाला धावायची. त्या एका दिवशी मात्र दार लावून घ्यायची. गाव म्हणायचं, म्हातारीला गर्दी सोसत नाही. माणसांना सोयीचं तेच कळतं.

रायाजी पाटील झाला. माणूस चांगला निघाला. लागोपाठ तीन वर्षं पाऊस रुसला तेव्हा त्यानं या उतारावर तळं खणायला घेतलं, स्वतः पहार धरली. आणि खडक फुटून झरा लागला तो दिवस माघ वद्य पंचमीचा, त्याला चोविसावं संपून पंचविसावं लागलं तो. गाव वेडं झालं. रायाजी म्हणाला, या पाण्याची पहिली कळशी मला जन्माला घालणाऱ्या हातांना. स्वतः कळशी खांद्यावर घेतली, मागं ढोल, आणि ठकूच्या दारात गेला.

ठकूनं त्याच्या तोंडावर दार लावलं.

ढोलवाला हसून म्हणाला, "पाटील, नुसत्या पाण्यावर भागवता व्हय? लुगडं-चोळी आणा म्हातारीला." माणसं हसली. रायाजी हसला नाही, तसाच उभा राहिला. तेव्हा गर्दीतून त्याची आई अंबू पुढं आली. सासूनं मयत उचलायला सांगितलेलं तिनं बाळंतिणीच्या खाटेवरून आपल्या कानांनी ऐकलं होतं, आणि चोवीस वर्षं तोंड उघडलं नव्हतं. आता तिनं सगळ्यांदेखत सगळं सांगितलं. "दार तुझ्यावर लावलं नाही तिनं. ढोलावर लावलंय," असं ती लेकाला म्हणाली.

ढोल थांबले. रायाजी उंबऱ्यावर बसला आणि बंद दाराशी बोलला. म्हणाला, यापुढं या तिथीला माझा वाढदिवस नाही. ढोल नाही, गूळ नाही. हा दिवस गोजरेचा, सगळाच्या सगळा.

मग दार उघडलं. ठकू म्हणाली, "सगळा नको. दुपारी तू रडलास तेव्हा मला बरं वाटलं होतं रे. पोर घरात पडलेली, आणि मला बरं वाटलं होतं. ते मी कसं पुसू? सकाळ तेवढी माझ्या लेकीला दे."

रायाजीनं विचारलं, सकाळी काय करू? ठकूनं कळशीकडे बघितलं. "पाणी आणलंयस ना? तापव."

पाटलानं तिच्या चुलीपुढं बसून फुंकर घातली. आळीतल्या एका पोरीला ठकूनं पाटावर बसवलं आणि आंघोळ घातली. डोक्यावरून, कानामागून, बोटांच्या बेचक्यांतून. चोवीस वर्षांत ती पहिल्यांदा रडली ती तेव्हा, असं म्हणतात.

कोणी कोणी सांगतात की ठकूही पुढं माघ वद्य पंचमीलाच गेली. खोटं आहे. ती आषाढात गेली, साध्या एका दिवशी. लोकांना एकाच तिथीवर सगळं टांगायची हौस असते.

आजही त्या सकाळी तळ्याकाठी चुली मांडतात. पाणी पुरुषांनी तापवायचं, पहिली चूल पाटलाच्या घरच्यानं पेटवायची. पोरींना बायका आंघोळ घालतात, पण स्वतःच्या पोरीला कोणी घालत नाही. पोर गमावलेली कोणी बाई आलेली असेल तर पहिला तांब्या तिच्या हातात देतात. नाव विचारत नाहीत, कुठली तेही नाही. तिची आंघोळ घालून होईपर्यंत बाकीच्या थांबतात, मग दिवस डोक्यावर येऊन कलला तरी ढोल वाजत नाहीत.

काही सालं कोणीच पुढं येत नाही. गेल्या साली तिघी आल्या होत्या. ढोल वाजायला दिवस मावळला.